विमानाचं तिकीट नेमकं कधी काढावं?

मंडळी, या विषयावर बोलायला उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: मंगळवारी मध्यरात्री तिकीट स्वस्त मिळतं, हे खरं का? त्याच्या पाठोपाठ दुसरा: एकच प्रवास मोबाइलवर दोनदा शोधला की कंपनीला कळतं आणि ती भाडं वाढवते का? दोन्हींची उत्तरं देतो, पण आधी भाडं ठरतं कसं ते पाहू.

एअरबस ए320 मध्ये साधारण 180 जागा असतात. आपल्याला त्या सगळ्या सारख्याच दिसतात. कंपनीच्या संगणकात मात्र त्या वेगवेगळ्या भावांच्या कप्प्यांत विभागलेल्या असतात. धंद्यातली माणसं त्याला ‘बकेट’ म्हणतात. सगळ्यात स्वस्त बकेटमध्ये मोजक्याच जागा. त्या संपल्या की पुढचं बकेट, मग त्याच्या पुढचं. म्हणजे तुम्हाला दिसणारं भाडं तारखेवर ठरत नाही. त्या क्षणी कुठलं बकेट उघडं आहे, त्यावर ते ठरतं. विक्री अंदाजापेक्षा मंद असेल तर कंपनी बंद केलेलं स्वस्त बकेट पुन्हा उघडते. भाडं मधूनच खाली येतं ते त्यामुळे.

किती जागा स्वस्तात विकायच्या, याचा हिशेब 1972 साली ब्रिटनच्या बीओएसी या विमान कंपनीतल्या केन लिटलवूड यांनी मांडला. हिशेब सोपा आहे. समजा स्वस्त तिकीट 4000 रुपयांचं आणि महाग 10,000 रुपयांचं. शेवटच्या क्षणी महाग तिकीट घेणारा प्रवासी येण्याची शक्यता 40 टक्क्यांहून जास्त असेल, तर ती जागा आज 4000 ला विकायची नाही, राखून ठेवायची. अमेरिकेत 1978 मध्ये भाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं. 1985 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने हीच रीत मोठ्या प्रमाणावर वापरून पीपल एक्स्प्रेस या स्वस्त कंपनीला टक्कर दिली. आपल्याकडे विमानसेवा सरकारी कंपन्यांच्या हाती ठेवणारा 1953 चा एअर कॉर्पोरेशन्स कायदा 1994 मध्ये रद्द झाला आणि 2003 मध्ये एअर डेक्कन ही स्वस्त कंपनी आली, तेव्हापासून आपणही याच हिशेबात आहोत.

आता मंगळवारचं. तिकीट कोणत्या वारी काढलं याने आज फारसा फरक पडत नाही, कारण भाडी दिवसातून अनेकदा बदलतात. प्रवास कोणत्या वारी करता याने मात्र खूप पडतो. शुक्रवारी संध्याकाळी दिल्लीहून मुंबईला परतणारं विमान आणि बुधवारी दुपारचं विमान, यांची बकेटं सारख्या वेगाने भरतच नाहीत. आणि दोनदा शोधल्यावर भाडं वाढलेलं दिसतं ते बहुतेक वेळा एवढ्यामुळेच, की मधल्या वेळात कुणीतरी त्या बकेटमधली उरलेली जागा घेतलेली असते, किंवा आधी दिसलेला भाव साठवलेला, जुना असतो. तुमच्यावर कुणी पाळत ठेवून बसलेलं नसतं.

एक गोष्ट मात्र नीट लिहून घ्या, कारण यात घरटी पैसे वाचतात. चौघांचं तिकीट एकदम शोधलं तर संगणक चारही जागा एकाच बकेटमधून देऊ पाहतो. 4200 च्या बकेटमध्ये दोनच जागा उरल्या असतील आणि पुढचं बकेट 4900 चं असेल, तर चौघांनाही 4900 लागतात. म्हणून आधी एका प्रवाशासाठी शोधून बघा. भाव वेगळा दिसला तर दोन-दोन करून तिकिटं काढा. या उदाहरणात 1400 रुपये वाचले. यात पीएनआर, म्हणजे आरक्षणाचे क्रमांक, दोन होतात. विमान रद्द झालं किंवा वेळ बदलली तर दोन्हींकडे लक्ष द्यावं लागतं. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर प्रत्येक पीएनआरमध्ये एक जाणतं माणूस ठेवा.

आता पुष्कळांच्या मनात असलेली शंका. दसऱ्याच्या संध्याकाळी झेंडू मातीमोल होतो, मग उडायच्या आदल्या रात्री रिकाम्या जागा स्वस्त का होत नाहीत? कारण संध्याकाळी झेंडूला गिऱ्हाईक उरत नाही. विमानाला मात्र आदल्या रात्री येणारं गिऱ्हाईक सगळ्यात अडलेलं असतं. कुणाच्या वडिलांना आयसीयूत ठेवलेलं असतं, कुणाची मुलाखत असते, कुणाचं कोर्टाचं काम असतं. शिवाय शेवटी भाव उतरतो हे लोकांना एकदा कळलं, तर आधी कुणी तिकीट काढणारच नाही. म्हणून चार जागा रिकाम्या गेल्या तरी कंपनीला चालतं. शेवटच्या आठवड्यावर भिस्त ठेवू नका.

अगदी लवकर काढणंही फायद्याचं असतंच असं नाही. मोठ्या कंपन्या जवळपास वर्षभर आधी विक्री उघडतात, पण तेव्हा भाडं मध्यम असतं. इतक्या आधी घेणाऱ्याला तारीख पक्की हवी असते, त्याला सवलत देऊन कंपनीला काय मिळणार? माझ्या मते देशातल्या साध्या दिवसांच्या प्रवासाला तीन आठवडे ते दोन महिने आधीचा काळ बरा. मुंबई-दिल्लीसारख्या, दिवसभर विमानं असणाऱ्या मार्गावर थोडं थांबता येतं. पहाटेचं किंवा रात्री उशिराचं विमान घ्यायची तयारी असेल तर आणखी थांबता येतं. पण जिथे दिवसाला एखादंच 70-80 जागांचं छोटं एटीआर विमान जातं, तिथे स्वस्त बकेट म्हणजे बोटावर मोजण्याइतक्या जागा. तिथे ठरलं की काढून मोकळं व्हा.

सणांचं गणित वेगळं. गणपती, दिवाळी, नाताळ या दिवसांत भाडं खाली यायची वाट बघणं म्हणजे पदरचे पैसे घालवणं. कंपन्यांकडे मागच्या वर्षांचे आकडे असतात, स्वस्त बकेट तिथे मुळातच लहान ठेवलेलं असतं. दोन-तीन महिने आधी काढा आणि तारखा एक-दोन दिवस मागेपुढे करून पाहा. लक्ष्मीपूजनाच्या आधीच्या शनिवारपेक्षा मधला वार बरा पडतो. गोव्याला जायचं असेल तर दाबोळी आणि मोपा हे दोन्ही विमानतळ बघा. 2023 च्या जानेवारीत मोपा सुरू झाल्यापासून ही सोय आहे, पण उतरल्यावरचं टॅक्सीभाडं त्यात धरा. मडगावच्या माणसाला मोपा स्वस्तात पडेलच असं नाही. याउलट पितृपंधरवडा आणि एकूणच पावसाळा हा मंदीचा काळ. ज्येष्ठांनी मुलांकडे बंगळुरूला किंवा हैदराबादला जायचं तर हे दिवस धरावेत.

परदेशाबद्दल थोडक्यात. मुलं अमेरिकेला शिकायला ऑगस्टमध्ये निघतात आणि तिकडची मराठी कुटुंबं नाताळात इकडे येतात. या दोन्ही वेळांना चार-पाच महिने आधी बघायला लागा. व्हिसा हातात नसेल तर तारीख बदलता येणारं तिकीट घ्या, ते थोडं महाग पडलं तरी. गुगल फ्लाइट्सवर मार्गाची सूचना लावून ठेवली की भाव हलल्यावर ईमेल येते, रोज बघत बसावं लागत नाही.

तिकीट रद्द करावं लागलं तर एक हक्क विसरू नका. ‘नॉन रिफंडेबल’ लिहिलेलं असलं तरी विमानतळाचं वापर शुल्क आणि सरकारी कर परत मिळायला हवेत, असा डीजीसीए या विमानसेवेवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेचा नियम आहे. पुष्कळ लोक ‘काही मिळणार नाही’ म्हणून तिकीट रद्दच करत नाहीत. रद्द करा, ते पैसे तुमचे आहेत.

आता मला मनापासून वाटतं ते सांगतो. मी सांगितलेल्या सगळ्या युक्त्या त्याच्यासाठी आहेत, ज्याला प्रवासाची तारीख आधी माहीत आहे. रात्री फोन येऊन सकाळी अंत्यसंस्काराला निघणाऱ्याला यातली एकही उपयोगाची नाही, आणि सगळ्यात जास्त भाडं त्याच्याच माथी बसतं. लिटलवूड यांच्या हिशेबात त्याची अडचण हीच कंपनीची कमाई आहे. हे मला मान्य नाही. यावर काही करताच येत नाही असंही नाही. मे 2020 ते ऑगस्ट 2022 या काळात सरकारने भाड्याला खालची आणि वरची मर्यादा घातली होती. सुरुवातीला मुंबई-दिल्लीसाठी ती 3500 ते 10,000 रुपये होती, आणि किमान 40 टक्के जागा या दोन्हींच्या मध्यापेक्षा कमी भावात विकण्याची अट होती. साथीच्या काळातली ती व्यवस्था कायमची नको, स्पर्धेने भाडी उतरतात हे मलाही दिसतं. पण सणांच्या पंधरवड्यात आणि शेवटच्या दोन दिवसांच्या तिकिटांना वरची मर्यादा असावी, आणि प्रत्येक मार्गावर किती जागा कोणत्या भावाला विकल्या गेल्या, हे कंपन्यांनी दर महिन्याला जाहीर करावं, एवढी मागणी ग्राहक संघटनांनी लावून धरावी. त्याचा मसुदा करायला मी बसायला तयार आहे.