रोज साडेदहाला काय होतं?

(गोव्यातल्या फोंड्यात हॉटेलवाले, दुकानदार आणि अकाउंटंट मंडळींपुढे दिलेलं व्याख्यान. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

मघाशी चहाच्या वेळी एका गृहस्थांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "रॅम दुप्पट केली तर सुटेल ना हो?" मी म्हटलं, आधी तुमचं सॉफ्टवेअर किती वाजता स्लो होतं ते सांगा. ते म्हणाले, "दिवसभरच." हे उत्तर मला सगळीकडे मिळतं, आणि आजवर एकदाही ते खरं निघालेलं नाही.

बार्देशच्या किनाऱ्यावरचं एक हॉटेल घ्या. साठेक खोल्या. मालकांनी मला फोन केला तोवर नवा सर्व्हर घेऊन झाला होता, इंटरनेटची लाइन बदलून झाली होती आणि सॉफ्टवेअरवाल्याशी भांडूनही झालं होतं. तक्रार एवढीच, की चेकआउटला बिल उघडत नाही. पाहुणा बॅग धरून उभा, बाहेर दाबोळी विमानतळावर जायची टॅक्सी उभी, आणि पडद्यावर चक्र फिरतंय. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "सर, घुंवता आनी घुंवताच."

मी सर्व्हरला हात लावला नाही. तिला एक वही दिली. वेळ, कोणता स्क्रीन, किती सेकंद, एवढंच लिहायचं. मोजायला मोबाइलचं स्टॉपवॉच. तिसऱ्या दिवशीचं पान मला अजून आठवतं. १०:१२ बिल, २ सेकंद. १०:३४ बिल, ३८. १०:४१ बिल, ६१. १०:५२ हाउसकीपिंग, १. १०:५५ बिल, ४४. ११:०६ बिल, २.

या सहा ओळींत जवळजवळ सगळं आलं. त्या दिवशी पाचच चेकआउट होते, म्हणजे गर्दीचा संबंध नाही. हाउसकीपिंगचा स्क्रीन त्याच मशीनवर, त्याच नेटवर्कवर एका सेकंदात उघडला, म्हणजे ती दोन्ही ठीक. साडेदहाच्या सुमाराला काहीतरी येतं, बिलाच्या वाटेत बसतं आणि अकराला उठून जातं. माणूस इतका वक्तशीर नसतो. हे घड्याळावर चालणारं काहीतरी होतं.

दुसऱ्या दिवशी बरोबर पावणेअकराला मी सर्व्हर बघितला. प्रोसेसर पंधरा टक्क्यांवर. मालक म्हणाले, "मग अडकतंय कुठं?" मी म्हटलं, अडकतंय म्हणूनच तो रिकामा आहे. सॉफ्टवेअर दोन तऱ्हांनी स्लो होतं: एकतर ते काम करत असतं, नाहीतर वाट बघत असतं. पहिल्याला मोठं मशीन लागतं. दुसऱ्याला तुम्ही कितीही मोठं मशीन द्या, ते त्यावर बसूनही वाटच बघणार. कोण कोणासाठी थांबलंय हे डेटाबेस स्वतः सांगतो. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये त्याचा रकानाच आहे, ब्लॉकिंग सेशन आयडी, म्हणजे वाट अडवणाऱ्या जोडणीचा नंबर. रिसेप्शनचे तिन्ही संगणक एकाच सेशनमागे उभे होते, आणि ते सेशन होतं चॅनल मॅनेजरच्या कनेक्टरचं.

हॉटेलवाल्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. खोली तुम्ही दहा बुकिंग साइटवर विकता. एका साइटवर गेली की बाकी नऊ ठिकाणी ती कमी व्हायला हवी. हे काम चॅनल मॅनेजर करतो, आणि तुमच्या सॉफ्टवेअरमधून त्याच्याकडे दर आणि रिकाम्या खोल्या पोचवतो तो कनेक्टर. इथे खोल्यांचे सहा प्रकार, प्रत्येकाचे चार दर आणि पुढचे ३६५ दिवस. म्हणजे ८७६० नोंदी. कनेक्टर त्या सगळ्या रोज पाठवायचा, बदललेल्या आणि न बदललेल्याही, आणि एकेक करून.

रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट डोळ्यांपुढे आणा. बोटीत एक स्कूटर चढवली काय नि पंधरा चढवल्या काय, मांडवी ओलांडायला लागायचा तेवढा वेळ लागतोच. आमचा कनेक्टर दर खेपेला एक स्कूटर घेऊन जात होता. एका खेपेला ०.२ सेकंद, ऐकायला काहीच नाही. पण ८७६० ने गुणा: १७५२ सेकंद, एकोणतीस मिनिटं. साडेदहाला निघालं की अकराला पोचलं.

नुसता उशीर झाला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण कनेक्टर एका प्रकाराच्या एका दराच्या ३६५ नोंदींवर 'पाठवतोय' अशी खूण करायचा, मग एकेक नोंद बाहेर पाठवून उत्तराची वाट बघायचा, आणि शेवटची पोचली की मगच ट्रान्झॅक्शन, म्हणजे डेटाबेसमधला तो एकसंध व्यवहार, बंद करायचा. तेवढी ७३ सेकंद त्या ओळींना कुलूप. बिलाचा स्क्रीन आजचा दर त्याच टेबलातून वाचतो, आणि योग्य इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी सोय, नसल्यामुळे टेबल पहिल्या ओळीपासून चाळत जातो. वाटेत कुलूप लागलं की थांबला. असे चोवीस गट एकामागोमाग एक. वहीतले ३८, ६१, ४४ हे आकडे कुठून आले ते आता कळलं असेल.

आणि साडेदहाच का? हा जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, लावणाऱ्याने पहाटे पाचची वेळ दिली होती. शहाणपणाचंच केलं होतं त्याने. फक्त त्याचा क्लाउड यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, चालत होता. त्याचे पाच म्हणजे आपले साडेदहा. यूटीसीत २१:३० केलं आणि जॉब आपल्या पहाटे तीनला गेला. त्याच दिवशी रिसेप्शन मोकळं झालं, मालकांनी मला फेणीची बाटली दिली आणि फाइल बंद करायला निघाले.

मी बंद करू दिली नाही, कारण दुखणं तिथेच होतं, फक्त झोपेच्या वेळी होत होतं. खरा इलाज पुढचे दोन आठवडे चालला. कुलूप लावून बाहेरच्या जगाशी बोलायचं नाही, हा पहिला नियम. नोंदी बाजूच्या टेबलात काढा, ट्रान्झॅक्शन बंद करा, मग पाठवत बसा. बदललेल्याच नोंदी पाठवा. आणि गठ्ठ्याने पाठवा, तिकडचा एपीआय, म्हणजे दोन सॉफ्टवेअरं बोलतात ती खिडकी, घेत असेल तर. इंडेक्स घातला तो शेवटी. तो आधी घातला असता तर लक्षण झाकलं गेलं असतं.

'बदललेल्याच नोंदी' म्हणणं सोपं आहे. शेवटच्या बदलाच्या वेळेवरून शोधायला गेलात तर डिलीट झालेली नोंद सापडतच नाही, आणि दोन मशीनच्या घड्याळांत फरक असेल तर मधल्या नोंदी निसटतात. म्हणून दर वेळी थोडं मागे जाऊन उचलायचं, आणि एकच नोंद दोनदा गेली तरी बिघडू नये अशी सोय ठेवायची. आणखी एक. कुणी हुशार मुलगा तुम्हाला सांगेल, सगळीकडे 'नोलॉक' घाला, म्हणजे कुलूप न बघता वाचा, पळेल. पळेल खरं. पण ते वाचन अर्धवट लिहिलेलं, मागाहून रद्द होणारंही उचलतं. रिपोर्टला एकवेळ चालेल. पाहुण्याच्या हातात द्यायच्या बिलाला मी ते चालू देणार नाही.

अकाउंटंट मंडळी म्हणतील, आम्हाला यात काय? तुमच्या टॅलीशी दुसरी सॉफ्टवेअरं सहसा ९००० नंबरच्या पोर्टवरून, म्हणजे एका ठरलेल्या दारातून, एक्सएमएल या मांडणीत बोलतात. रेस्टॉरंटचं बिलिंग तिथे दर बिलाला एक व्हाउचर ढकलत असेल, तर तुमचं टायपिंग मधूनच का अडकतं ते वेगळं सांगायला नको. रात्री दिवसाची बेरीज गेली तर चालेल का, ते आधी ठरवा. तिथेही स्कूटर आणि बोटच.

दर मिनिटाला 'काही नवीन आहे का' विचारणारे प्रोग्रॅम मला सगळ्यात जास्त छळतात. आपण पोदेरासाठी, म्हणजे पाववाल्यासाठी, दर मिनिटाला फाटकापर्यंत जाऊन येतो का? तो भोंपू वाजवतो, मग आपण जातो. समोरच्याकडे वेबहुक, म्हणजे नवीन काही आलं की स्वतःहून कळवायची सोय, असेल तर तो मागा.

जीएसटीच्या ई-इन्व्हॉइसचं मात्र वेगळं आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरच्या उलाढालीला व्यावसायिक ग्राहकाच्या बिलावर आयआरएन, म्हणजे बिलाचा नोंदणी क्रमांक, लागतो, तो ६४ अक्षरांचा, आणि तो पोर्टलवरूनच येतो. तिथे थांबणं आलंच. पण पोर्टलने उत्तर दिलं नाही म्हणून तुमचं सॉफ्टवेअर त्याच क्षणी पुन्हा, पुन्हा, पुन्हा विचारत सुटलं तर आधीच दमलेल्या दारावर आपणच धक्के मारतोय. एक सेकंद थांबा, मग दोन, मग चार, मग आठ.

त्या हॉटेलची वही अजून रिसेप्शनवर आहे. गेल्या आठवड्यात त्याच मुलीचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही. "सर, रोज ४ वाजून १० मिनिटांनी. बिल नाही, बारचा स्क्रीन. रविवारी होत नाही." उद्या सकाळी तिकडेच चाललोय.