भरतीच्या वेळापत्रकावर दोन दिवस

नमस्कार श्रोतेहो. एसटीच्या वेळापत्रकाला आपण कधी ना कधी नावं ठेवलेली असतात. आज ज्या वेळापत्रकाबद्दल बोलायचंय, त्याला नावं ठेवून काही उपयोग नाही. ते भरती-ओहोटीचं, चंद्राच्या हातात असतं.

कोजागिरीनंतरची द्वितीया होती. आम्ही तिघे मित्र, अठरा फुटांची फायबरची होडी, मागे लावलेलं छोटं इंजिन आणि एक शीड. दाभोळहून वाशिष्ठीच्या खाडीने वर चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत जायचं, रात्री मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परत यायचं, असा बेत. पाण्याने हे अंतर साधारण 40 किलोमीटर.

निघण्याआधी खाडीपलीकडच्या वेलदूरच्या एका जुन्या तांडेलांकडे, म्हणजे होडीच्या म्होरक्यांकडे गेलो. आम्ही त्यांना आबा म्हणतो. त्यांनी बोटांवर हिशेब केला. मुंबईकडे पूर्ण भरतीची वेळ काढायची तर तिथीची पाऊणपट करतात. दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारचा दीड. दाभोळला पाणी त्याच्या थोडं आधी भरतं. म्हणजे सकाळी सातला ओहोटी संपून पाणी चढायला लागणार. मग म्हणाले, "जाताना खाडी तुम्हाला वेळ देईल. येताना तोच परत घेईल. परवा पहाटे उठा, चहापाणी दाभोळला येऊन करा."

तेव्हा ते कोड्यात बोलल्यासारखं वाटलं, पण गोष्ट सरळ आहे. भरती खाडीच्या तोंडाशी आधी येते आणि आत पोचायला तिला वेळ लागतो. दाभोळला ओहोटी लागली तरी वर गोवळकोटला पाणी अजून चढतच असतं. त्यामुळे वर जाणाऱ्याला सहा तासांच्या भरतीत जास्तीची भर मिळते. खाली येणाऱ्याला मात्र ओहोटी अर्ध्यातच सोडून जाते, कारण समोरून नवी भरती चालून आलेली असते.

जाणं सुखाचं झालं. सकाळी मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा पडला. अकराच्या सुमाराला समुद्राकडून खारा वारा सुटला, तेव्हा इंजिन बंद करून शीड लावलं. दोन्ही काठांना कांदळवन, मागून पाणी, मागून वारा. खेडवरून येणारी जगबुडी याच खाडीला मिळते. वर जावं तसं पाणी गोडसर होत जातं, कारण पोफळीच्या वीजघरातून सुटलेलं कोयनेचं पाणी वाशिष्ठीत येतं. गोवळकोटला करंजेश्वरीचं दर्शन घेतलं आणि गडाखाली झोपलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठलोही. पण स्टोव्ह होता, दूध होतं, वर सोबत कांदेपोहे होते. चहा दोनदा झाला. निघायला सात वाजले.

माळदोलीच्या खालच्या अंगाला होडीचा तळ घसपटला आणि ती थांबली. वल्हं रोवून ढकलायला गेलो तर वल्हंच कोपरभर आत गेलं. उतरून ढकलावी म्हणून एकाने पँट दुमडली, तेवढ्यात दुसरा हळूच म्हणाला, "उतरू नकोस." समोर चाळीसेक फुटांवर, कोवळ्या उन्हात, चिखलाच्याच रंगाची एक मगर पडली होती. तोंड उघडं. वाशिष्ठीत मगरी आहेत हे आम्हाला ठाऊक होतं, लोक त्या बघायला मुद्दाम येतात. पण बघायला जाणं वेगळं आणि तिच्या शेजारी बसणं वेगळं.

दोन तास बसलो. पाणी एकसारखं चढत नाही. पहिल्या तासाला एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या-चौथ्याला तीन-तीन. आमच्या वाट्याला तो पहिला कंजूष तास आला. होडी तरंगली तेव्हा भरती समोरून येत होती आणि पेट्रोल मोजकं होतं. नांगर टाकून ओहोटीची वाट बघत बसलो. उन्हासाठी डोक्यावर ताडपत्री बांधली.

दुपारच्या ओहोटीने खाली सुटलो आणि चार वाजता धोपाव्याच्या अलीकडे पोचलो. पश्चिमेचा वारा आणि बाहेर धावणारं पाणी समोरासमोर भिडले की लाटा बुटक्या, उभ्या आणि जवळजवळ येतात. होडी नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, आपटत होती. अचानक वारा पडला. पाठीमागे सह्याद्रीवर आभाळ काळं झालं होतं. परतीचा पाऊस. गार झुळूक मानेला लागली आणि दुसऱ्याच क्षणी पूर्वेकडून असा झपाटा आला की ताडपत्रीचंच शीड झालं. होडी कलंडली, एका बाजूने पाणी आत आलं. गाठ सुटेना, कोयत्याने दोरी तोडली.

मग झालं ते जास्त भीतीदायक होतं. लाटा बसल्या. पाणी गुळगुळीत. कारण आता वारा आणि ओहोटी एकाच दिशेला, अंजनवेलच्या टोकाबाहेर, समुद्राकडे चालले होते आणि त्या गुळगुळीत पाण्यावरून आम्हीही. इंजिन पूर्ण ताणून काठ गाठला, कांदळवनाच्या आडोशाला नांगर टाकला आणि विजा थांबेपर्यंत डोलकाठी आडवी करून, कापलेल्या कॅनने पाणी उसपत वाकून बसलो.

दाभोळच्या धक्क्याला लागलो तेव्हा अंधार पडला होता. आबा फेरीबोटीतून आले होते, हातात बॅटरी. एकेकाच्या तोंडावर उजेड टाकून त्यांनी तिघे मोजले.

"चहा किती वेळा झाला?" त्यांनी विचारलं.

"दोनदा," आम्ही म्हणालो.