झ्युरिकची खुर्ची, वूचची खोली

(पडद्यावर: झ्युरिक शहराचं जुनं छायाचित्र)

ऑगस्ट १८९३. झ्युरिकमध्ये दुसऱ्या इंटरनॅशनलची, म्हणजे देशोदेशींच्या समाजवादी पक्षांच्या संघटनेची, परिषद भरली आहे. युरोपभरचे समाजवादी पुढारी सभागृहात बसलेत आणि बोलायला उठली आहे बावीस वर्षांची एक तरुणी. चणीने लहान, बालपणीच्या आजारपणामुळे एका पायाने लंगडणारी. मागच्या रांगांना आपण दिसत नाही हे लक्षात येताच ती सरळ खुर्चीवर चढते. मला प्रतिनिधी म्हणून बसू द्या, एवढंच तिचं मागणं. तिला विरोध करत होते ते तिच्याच देशातले समाजवादी. मतदान झालं आणि तिची सनद नामंजूर झाली. तिचं नाव रोझा लक्झेंबर्ग.

तिचा देश तेव्हा नकाशावरही नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियानं पोलंडचा शेवटचा तुकडाही १७९५ साली वाटून घेतला होता. आता वॉर्सा रशियाच्या झारकडे, क्राकूव ऑस्ट्रियाकडे, पोझनान प्रशियाकडे. कामगारांनी आधी कोणाशी लढायचं? गिरणीमालकाशी की झारशी? पोलिश समाजवादी चळवळ पुढची पंचवीस वर्षं याच प्रश्नावर फुटत राहिली.

पहिला पक्ष १८८२ साली वॉर्सात निघाला, त्याचं नाव ‘प्रोलेतारियात’, म्हणजे कामगारवर्ग. लुद्विक वारिन्स्की हा त्याचा संस्थापक. देशापेक्षा वर्ग मोठा, असं तो मानायचा. वर्षभरात तो पकडला गेला आणि १८८९ साली रशियातल्या श्लिसेलबुर्गच्या किल्ल्यात कैदेतच वारला. त्याच्या चार साथीदारांना २८ जानेवारी १८८६ रोजी वॉर्साच्या किल्ल्यात फाशी दिलं. त्यांतला प्योत्र बार्दोव्स्की रशियन होता, व्यवसायाने न्यायाधीश. पोलिश कामगारांसाठी एक रशियन न्यायाधीश फासावर गेला, हे मला या सगळ्या कहाणीत फार मोलाचं वाटतं.

नोव्हेंबर १८९२ मध्ये पॅरिसला अठरा जण जमले आणि त्यांनी ठरवलं की आधी स्वतंत्र, लोकशाही पोलंड. यातूनच पोलिश समाजवादी पक्ष उभा राहिला. वर्षही उलटलं नाही तोच रोझा, लिओ योगिखेस, युलियान मार्खलेव्स्की आणि आडोल्फ वार्स्की वेगळे झाले. त्यांनी स्वतःचं पत्र काढलं, स्वतःचा पक्ष काढला. झ्युरिकमधला तो विरोध इथून आला होता.

(पडद्यावर: वूचच्या गिरण्या, धुराडी)

रोझाचं म्हणणं समजून घ्यायचं तर रशियाच्या ताब्यातल्या पोलंडमधल्या वूचला यावं लागतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला खेड्यासारखं असलेलं हे गाव शतक संपताना तीन लाखांवर वस्तीचं शहर झालं, ते कापडगिरण्यांच्या जोरावर. रशिया आणि पोलंडमधली जकातीची भिंत १८५१ साली पडली आणि वूचचं कापड रशियाभर विकलं जाऊ लागलं. रोझानं झ्युरिक विद्यापीठातल्या प्रबंधात हेच मांडलं. पोलंडचा उद्योग रशियन बाजारावर जगतो, तेव्हा पोलिश आणि रशियन कामगारांनी मिळून झारला खाली खेचावं. वेगळ्या राष्ट्राचं स्वप्न हे कामगाराचं काम नव्हे.

बाजाराचा हिशेब तिनं अचूक मांडला होता. पण त्याच वूचमधल्या कामगाराचं पोर शाळेत गेलं की त्याला रशियनमधून शिकवत. आपली भाषा घरापुरती उरली आहे, हे रोज सोसणाऱ्या माणसाला बाजारपेठेचं गणित किती पुरणार? इथे रोझा कमी पडली, असं मला वाटतं.

याच शहरात, व्स्खोद्न्या रस्त्यावरच्या १९ नंबरच्या इमारतीत, एक जोडपं भाड्यानं राहत होतं. आतल्या खोलीत हातानं चालवायचं एक छोटं छपाईयंत्र होतं. त्यावर ‘रोबोत्निक’, म्हणजे ‘कामगार’, हे पोलिश समाजवादी पक्षाचं गुप्त पत्र छापलं जाई. अक्षराचा एकेक खिळा जुळवायचा, आवाज शेजाऱ्यांच्या कानी जाऊ द्यायचा नाही, छापलेले गठ्ठे गुपचूप बाहेर काढायचे. फेब्रुवारी १९०० मधल्या एका रात्री पोलीस आत शिरले. ३६वा अंक अर्धा राहिला. पकडलेल्या संपादकाचं नाव युझेफ पिल्सुदस्की. वेडाचं सोंग घेऊन तो पीटर्सबुर्गच्या रुग्णालयात पोचला आणि १९०१ साली तिथून निसटला.

त्या छाप्यानंतर पाच वर्षांनी, जून १९०५ मध्ये, याच व्स्खोद्न्या रस्त्यावर वूचच्या कामगारांनी मोर्चेबंदी केली. रशियन सैन्यानं गोळीबार केला. शहरात दीडशेहून अधिक माणसं मेली. त्या अडथळ्यांमागे दोन्ही पक्षांचे कामगार होते, ज्यू कामगारांची ‘बुंद’ ही संघटनाही होती. रस्त्यावर ते एकत्र लढले, पण त्यांचे पक्ष काही जवळ आले नाहीत.

उलट क्रांतीनं पिल्सुदस्कीच्या पक्षातही फूट पाडली. मारिया कोशुत्स्का आणि माक्स होर्वित्स यांच्यासारखे ‘तरुण’ म्हणत होते, रशियात क्रांती पेटलीय, तिच्याबरोबर चला. ‘जुने’ म्हणत होते, आधी स्वतःचं सशस्त्र दल. नोव्हेंबर १९०६ मध्ये व्हिएन्नाच्या अधिवेशनात पक्ष दुभंगला. तरुणांचा ‘डावा’ पक्ष, जुन्यांचा ‘क्रांतिकारी गट’. या गटानं २६ सप्टेंबर १९०८ रोजी बेझदानी स्थानकावर टपालगाडी लुटून दोन लाख रूबल मिळवले. पुढे पोलंडचे पंतप्रधान झालेले चौघं त्या लुटीत सामील होते, पिल्सुदस्की त्यांतलाच. रोझाचा पक्षही सुटला नाही, १९११-१२ मध्ये नेतृत्व आणि वॉर्साची शाखा यांत फाटलाच.

(पडद्यावर: वॉर्सा, हिवाळा १९१८)

नोव्हेंबर १९१८. पिल्सुदस्की स्वतंत्र पोलंडचा राष्ट्रप्रमुख झाला. १६ डिसेंबरला रोझाचा पक्ष आणि कोशुत्स्काचा ‘डावा’ पक्ष एक होऊन कम्युनिस्ट पक्ष झाला. पुढच्याच महिन्यात, १५ जानेवारी १९१९ रोजी, बर्लिनमध्ये रोझाची हत्या झाली. मार्चमध्ये योगिखेसची.

उरलेल्यांपैकी काहींनी मॉस्कोत आसरा घेतला. १८९३ मध्ये रोझाबरोबर बाहेर पडलेला वार्स्की आणि १९०६ मध्ये पिल्सुदस्कीपासून वेगळा झालेला होर्वित्स, दोघांनाही स्तालिनच्या पोलिसांनी १९३७ साली गोळ्या घातल्या. १९३८ साली त्यांचा पक्षच बरखास्त केला गेला. मारिया कोशुत्स्का १९३९ साली मॉस्कोच्या तुरुंगात वारली.