उंबऱ्याची ठेच आणि तंबाखूचं पान

मंडळी, निपाणीत बोलायचं म्हणजे तंबाखूला वगळून चालणार नाही. तिच्याकडे येतोच, पण आधी पायाकडे बघू.

उंबऱ्याला अंगठा आपटतो तेव्हाचं आठवा. आपटल्याचं तत्क्षणी कळतं. मग अर्धाएक क्षण काहीच नाही, आणि मागाहून ठणका येतो. बातमी एकाच अंगठ्याची, पण वाटा निराळ्या. स्पर्शाची बातमी नेणारे जाड चेतातंतू सेकंदाला 50 मीटरच्या आसपास धावतात. ठणक्याचे बारीक तंतू सेकंदाला जेमतेम एक मीटर. अंगठ्यापासून मेंदू दीड मीटरवर आहे, हिशेब करून बघा.

ही बातमी धावते ती विजेच्या रूपात, पण ही वीज तारेतल्या विजेसारखी नसते. चेतापेशीच्या आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम जास्त. पेशीभोवतीच्या पडद्यातले पंप दर खेपेला 3 सोडियम बाहेर टाकतात, 2 पोटॅशियम आत घेतात. आतलं धनभारित पोटॅशियम थोडं थोडं बाहेर झिरपत राहतं, त्यामुळे आतली बाजू सुमारे 70 मिलिव्होल्ट ऋण असते. बॅटरीतल्या सेलच्या विसाव्या हिश्श्याइतकीच ही ताकद, पण ती मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ पडद्यावर ताणलेली असते.

धक्क्याने हा आकडा उणे 70 वरून उणे 55 च्या घरात आला, की सोडियमची दारं धडाधड उघडतात. हा पेशीचा उंबरा. त्याच्या अलीकडे राहिलात तर संदेश निघतच नाही. ओलांडलात तर पुरता निघतो, अर्धामुर्धा कधीच नाही. आतली बाजू क्षणात धन होते, लगेच सोडियमची दारं मिटतात, पोटॅशियम बाहेर पडतं, गाडी मूळपदावर. सगळा खेळ एकदोन मिलिसेकंदांचा.

तोडणीनंतर फडातलं पाचट पेटवलेलं तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. या टोकाची आग त्या टोकाला जाताना विझत नाही, कारण पुढचं पाचट स्वतःच्या जिवावर पेटतं. आणि जळल्या जागेवरून ती मागे फिरत नाही. संदेश तसाच जातो. फरक एवढाच की पेशी आपलं पाचट लगेच पुन्हा अंथरते. हॉजकिन आणि हक्स्ली या शास्त्रज्ञांनी हे माकुल नावाच्या समुद्री जीवाच्या चेतातंतूवर मोजलं. तो तंतू इतका जाड, की आत तार सरकवता येते. त्यांचं गणित 1952 साली छापून आलं, 1963 साली नोबेल मिळालं.

तंतूच्या टोकाला मात्र फट आहे, तिथे आग थांबते. स्नायूकडे जायचं तर ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन फट ओलांडतं, पलीकडच्या कुलपात किल्लीसारखं बसतं, आणि काम होताच एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचे तुकडे करतं.

आता आपलं पान. त्यातलं निकोटीन याच कुलपांपैकी काहींमध्ये बसतं. असं कुलूप असणार, हे लँग्ली नावाच्या शास्त्रज्ञाने 1905 साली ओळखलं तेही निकोटीन वापरूनच! पण ते विकर निकोटीनला तोडू शकत नाही. किल्ली अडकून राहते. आपण म्हणतो ना, "तंबाखू लागली", ते हेच: गरगरणं, मळमळ, घाम, हातापायाला कंप.

आणि त्यासाठी तोंडात चिमूट टाकावीच लागते असं नाही. दवाने भिजल्या रानात शेंडे खुडताना निकोटीन कातडीतूनही आत जातं. माझ्या बहिणींनो, उलटी झाली की तुम्ही उन्हाला बोल लावता, पित्त म्हणता. अंगावरचा ओला कपडा तेवढा आधी बदला, साबणाने हात धुवा, आणि डॉक्टरकडे गेलात तर आज कुठल्या रानात होतात ते पहिल्या वाक्यात सांगा.