फॉरमॅटच्या आधी

(दृश्य: टेबलावर उघडलेला सीपीयू, आत धुळीचा थर)

गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचा हा कॉम्प्युटर. मृगाच्या वादळी पावसात लाइट गेली, रात्रीतून आली, पुन्हा गेली. सकाळी बटण दाबलं तर काहीच नाही. पुस्तकांची सगळी यादी याच्यातच आहे, दुसरीकडे कुठे नाही. सभासदांची देवघेव सध्या वहीवर चालू आहे.

तालुक्याच्या एका दुकानात निदान झालं, "फॉरमॅट मारावा लागेल." म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाकायचं. कॉम्प्युटर सुरूही न करता! म्हणून वाचनालयाच्या मॅडम तो इथे, दुरुस्ती करणाऱ्या दादांकडे घेऊन आल्या.

(दृश्य: दादांचे हात)

दादा आधी प्लग काढतात. मग पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरतात, बोर्डात अडकलेला करंट उतरावा म्हणून. कधीकधी तेवढ्यानंच काम होतं. इथे झालं नाही.

आता एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा. मदरबोर्डवरचा 24 पिनांचा कनेक्टर सोडवला. पेपरक्लिप सरळ करून एक टोक हिरव्या तारेत, दुसरं शेजारच्या काळ्या तारेत. प्लग पुन्हा लावला, पंखा फिरतो, पण रडतखडत. मल्टिमीटरची लाल प्रोब पिवळ्या तारेवर. आकडा बघा. तिथे 12 व्होल्ट हवेत. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे 11.4 ते 12.6. इथे दहासुद्धा भरत नाहीत.

(दृश्य: कॅपॅसिटर, अगदी जवळून)

एसएमपीएसच्या आत पाहा. कॅपॅसिटर म्हणजे वीज साठवणारा छोटा डबीसारखा भाग. त्याचं डोकं सपाट असायला हवं, ते फुगलंय. बुडाशी तपकिरी द्रव सुकलेला दिसतो. लाइट परत येताना व्होल्टेज एकदम चढतं आणि जुने, थकलेले कॅपॅसिटर त्यात जातात.

हा डबा घरी उघडू नका. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर 300 व्होल्टच्या वर चार्ज असतो, प्लग काढल्यावरही काही वेळ राहतो. दादा आधी बल्ब लावून तो उतरवतात, मगच हात घालतात. नवे कॅपॅसिटर 2200 मायक्रोफॅरडचे, 16 व्होल्टचे. अंगावरची पट्टी मायनसला. उलटं लागलं तर फुटतो. सोल्डर वितळतो, जुना पाय सुटतो, नवा बसतो. अख्खा एसएमपीएस भंगारात जाणार होता, तो अगदी थोड्या रुपयांच्या वस्तूंनी उभा राहिला.

(दृश्य: स्क्रीनवर तारीख)

स्क्रीन आली. तारीख मात्र कित्येक वर्षं मागची. बोर्डावरचा 2032 नंबरचा सेल, 3 व्होल्टचा, संपलाय. लाइट असेपर्यंत हे कळत नाही. लाइट गेली की बायोसच्या, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामच्या, सेटिंग पुसल्या जातात. सेल घड्याळवाल्याकडेही मिळतो.

सेल बदलला. विंडोजचं चिन्ह येतं, क्षणभर निळी स्क्रीन, पुन्हा रीस्टार्ट. पुन्हा तेच. बहुतेक ठिकाणी याच टप्प्यावर फॉरमॅट होतं. मॅडम म्हणतात, "दादा, यादी तेवढी वाचवा."

"मॅडम, आधी यादीच काढून घेतो. बाकीचं मग बघू."

आणि काम याच क्रमानं व्हायला हवं. पेन ड्राइव्हवरून लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच दुसरी सिस्टीम, सुरू झालं, विंडोजला हातही लागला नाही. हार्ड डिस्क कटकट आवाज करत नाही, म्हणजे कॉपी करायला हरकत नाही. स्क्रीनवर कॉपीची पट्टी सरकते आहे. यादीची फाइल उघडते, मराठी अक्षरं जशीच्या तशी.

त्यानंतर बायोस. विंडोज टाकलं तेव्हा डिस्क एएचसीआय मोडवर होती. सेटिंग पुसल्यावर बोर्डानं आपली मूळची आयडीई लावली. डिस्कशी बोलायच्या या दोन वेगवेगळ्या पद्धती. विंडोजला स्वतःची डिस्कच ओळखू येईना. एक ओळ बदलली, सेव्ह केलं.

या वेळी विंडोज आपणहून चेकडिस्क चालवतं, अचानक बंद पडल्यामुळे फाइलींच्या नोंदींत राहिलेल्या चुका दुरुस्त करतं. मग डेस्कटॉप येतो.

(दृश्य: मॅडम, स्क्रीनसमोर)

यादीची एक प्रत आता पेन ड्राइव्हवर, वाचनालयाच्या कपाटात राहील. यूपीएसच्या बॅटरीचा आणि अर्थिंगचा खर्च कार्यकारिणीच्या पुढच्या सभेत मांडला जाणार आहे.