कोपऱ्यातली सही

(चॅपल रोड, वांद्रे पश्चिम. चिंचोळी गल्ली. वरून खाली उतरणारा कॅमेरा.)

सकाळचे सव्वाअकरा. समोरून टेम्पो आला तर आपण कुणाच्या तरी पायरीवर चढून उभं राहायचं, एवढीच या रस्त्याची रुंदी. दोन्ही बाजूंना ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती, कुटुंबांची जुनी घरं, बाहेरून चढणारे जिने, नाक्यावर क्रूस. वांद्र्याच्या बोळांतले असे कितीतरी क्रूस १८९६ च्या प्लेगच्या साथीत उभे राहिले. अजून त्यांना झेंडूचा हार पडतो.

फोटोवाले इथे पहाटे येतात, गर्दी नको म्हणून. आम्ही दोघं भिंतींवरच्या चित्रांची नोंद ठेवतो, आम्ही येतो अकरानंतर. एक तर गल्ली अशी की भिंतीवर ऊन पडतं ते माध्यान्हीच्या आगेमागे तासभरच. आणि दुसरं म्हणजे माणसं कामाला गेली की भिंतीला टेकवलेल्या स्कूटर हलतात, चित्राचे खालचे तीन फूट मोकळे होतात. त्या तीन फुटांत काय असतं ते पुढे येईलच.

(भिंत, अगदी जवळून. रंगाचा पोपडा सुटलाय, मागे जुना चुना.)

२०१२ मध्ये याच रस्त्यावर चित्रकार रणजीत दहिया यांनी ‘अनारकली’ रंगवली. १९५३ च्या सिनेमाचं पोस्टर, बीना राय आणि प्रदीप कुमार, आणि तेही एका राहत्या घराच्या भिंतीवर. भिंतींवर सिनेमा रंगवणाऱ्या त्यांच्या बॉलिवूड आर्ट प्रोजेक्टची सुरुवात ती. दहिया हरियाणातल्या सोनिपतकडचे. आधी घरांना चुना मारायचे, पाट्या रंगवायचे. मग चंडीगडचं कला महाविद्यालय, मग अहमदाबादची एनआयडी, डिझाइन शिकवणारी संस्था. चुना मारलेल्या हाताला भिंत कळते. कुठे ती रंग पिते, कुठे नुसता वरवर धरते, कुठे आतून लोणा, म्हणजे भिंतीतला खार, फुटणार आहे.

सिनेमाच का, हे कळायला जरा मागे जावं लागतं. मुंबईत सिनेमाचे बोर्ड कित्येक दशकं हातानेच रंगले. छोट्या फोटोवर चौकोन आखायचे, तेवढेच चौकोन मोठ्या कापडावर, आणि एकेक घर भरत जायचं. याला म्हणायचं ग्राफ मारणं. उस्ताद खाली उभा, पोरं परांचीवर. जवळून बघितलं तर नाकाच्या जागी हिरव्या रंगाचा फटकारा असायचा. रस्त्यापलीकडे गेलं की त्याचीच सावली व्हायची. एम. एफ. हुसेन उमेदीच्या काळात हेच बोर्ड रंगवून जगले. मग फ्लेक्स आला. रात्री छापायचा, सकाळी टांगायचा. ब्रशवाले हात शाळांच्या भिंतींकडे गेले, ट्रककडे गेले, दुकानांच्या शटरकडे गेले. त्या बोर्डांवर पेंटरचं नाव असलंच तर एका कोपऱ्यात, आणि बोर्ड उतरला की नावही उतरायचं. इथपर्यंतची गोष्ट लक्षात असू द्या.

(वांद्रे रेक्लमेशन. एमटीएनएलची इमारत, रस्त्यापलीकडून.)

हे दादासाहेब फाळके. २०१४ च्या ‘स्टार्ट’ या रस्त्यावरच्या कलेच्या महोत्सवात एमटीएनएलच्या या इमारतीवर दहिया आणि त्यांच्या जोडीदारांनी रंगवलेले. मजल्यामागून मजले व्यापणारं चित्र. एवढ्या उंचीवर चित्रकाराला आपण काय काढतोय ते दिसतच नाही. समोर असतो तो फक्त हातभर करडा पट्टा. खाली उतरायचं, रस्ता ओलांडायचा, बघायचं, परत वर जायचं. फाळके स्वतः १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला आले होते. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. म्हणजे आपला पहिला सिनेमावाला मुळात चित्रं शिकलेला. त्यांना भिंत मिळाली हे बरंच झालं.

(फोनचा स्क्रीन. रकाने, ओळी.)

ही आमची वही. वही कसली, फोनमधली एक्सेल शीट, पण तोंडात वहीच बसलंय. एका चित्राला एक ओळ. रस्ता. भिंत कुणाची: घराची, शाळेची, रेल्वेची, पालिकेची. तोंड कुठल्या दिशेला. पहिल्यांदा कधी दिसलं, शेवटचं कधी दिसलं. स्थिती. चित्र कशाचं आहे हा रकाना सगळ्यात शेवटी, कारण ते फोटोत कळतंच.

दिशा कशाला, असं सगळे विचारतात. पश्चिमेकडे तोंड केलेली भिंत दुपारचं ऊन खाते आणि जून ते सप्टेंबर समुद्राकडून येणारी झडही. भडक लाल आणि पिवळा आधी उडतात, निळा-काळा मागे राहतो. म्हणून जुन्या चित्रांतली माणसं हळूहळू काविळीतून उठल्यासारखी, मग थंडीत काकडल्यासारखी दिसायला लागतात. उत्तरेकडच्या भिंतीला ऊन कमी, तर तिला शेवाळ. एकाच महिन्यात, एकाच रंगाने काढलेली दोन चित्रं तीन पावसाळ्यांनी ओळखीची राहत नाहीत.

ठिकाणासाठी नुसत्या फोनवर विसंबायचं नाही. बोळात सिग्नल दोन्ही भिंतींवर आपटतो आणि नकाशातला ठिपका शेजारच्या घराच्या स्वयंपाकघरात जाऊन पडतो. आम्ही जवळच्या विजेच्या खांबाचा नंबर लिहितो. दुकानाची पाटी बदलते, इमारतीचं नाव बदलतं, खांब सहसा जागचा हलत नाही.

आणि चार फोटो. पहिला समोरून, सरळ, वाकडा चालत नाही. दुसरा कुणाला तरी शेजारी उभं करून, मापासाठी. तिसरा भिंतीला पाठ लावून समोरच्या बाजूचा, म्हणजे चित्राला रोज जे दिसतं ते. हा तिसरा फोटो सुरुवातीला गंमत म्हणून घेतला होता. पण चित्र पुसलं गेल्यावर जागा सापडते ती त्याच्यावरूनच. चौथा खालच्या दोन कोपऱ्यांचा, गुडघ्यावर बसून. वरच्या मजल्यावरच्या एक आंटी आम्हाला एकदा म्हणाल्या, “अरे, चित्र वर आहे. खाली काय शोधतोस, चावी पडली का?”

(सेनापती बापट मार्ग. टॅक्सीच्या खिडकीतून सरकणारी भिंत.)

सेनापती बापट मार्ग. टॅक्सीवाल्याला हे नाव सांगितलं की तो “तुळशी पाइप ना?” म्हणून खात्री करून घेतो. रेल्वेच्या हद्दीची ही लांबच लांब भिंत. २००९ च्या ऑगस्टमध्ये पालिकेच्या परवानगीने आणि ‘द वॉल प्रोजेक्ट’च्या पुढाकाराने ती सगळ्यांना खुली झाली. यायचं, आपला तुकडा धरायचा, रंगवायचं. कॉलेजातली पोरं आली, नोकरदार आले, जन्मात ब्रश न धरलेले आले. एका तुकड्यावर कसलेल्या हाताचं काम, शेजारी कुणीतरी मन लावून काढलेलं वाकडं झाड. आमच्या मते वाकड्या झाडालाही ओळ मिळाली पाहिजे, आणि मिळते.

(टवका उडालेली जागा. बोट थरांवरून फिरतं.)

हा टवका बघा. वर पांढरा. पांढऱ्याखाली निळा, कुठल्यातरी घोषणेच्या अक्षराचा. त्याच्याही खाली, इथे, बोटाशी, एक डोळा. कुणाचा ते कळत नाही. ओळ मात्र डोळ्याच्या नावाने उघडली.

कशाला भित्तिचित्र म्हणायचं यावर आमच्या दोघांत अजून एकमत नाही. कोपऱ्यावर कुणी उभं राहून घाण करू नये म्हणून बसवलेल्या सर्वधर्मीय देवांच्या टाइल्स माझ्या यादीत नाहीत, माझ्या जोडीदाराच्या आहेत. शाळांच्या ‘बोलक्या भिंती’ आम्ही दोघांनीही घेतल्या: पाढे, सौरमाला, ऱ्हस्व-दीर्घाचे नियम. कोविडच्या काळात सोलापूरच्या नीलमनगरात वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले. ज्यांच्याकडे फोन नाही त्या पोरांनी रस्त्यात उभं राहून शिकावं म्हणून. त्याला चित्र नाही म्हणायची आमची हिंमत नाही.

(‘येथे जाहिराती लावू नयेत’ अशी रंगवलेली पाटी. तिच्यावर तीन जाहिराती.)

कायद्याचं दोन वाक्यांत. महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपीकरण रोखणारा कायदा १९९५ चा आहे, त्यामुळे दुसऱ्याची भिंत रंगवायची तर परवानगी हवी. आणि आपल्या कॉपीराइट कायद्यात सार्वजनिक जागी कायमच्या उभ्या असलेल्या शिल्पाचा फोटो काढायला स्पष्ट सूट आहे, रंगवलेल्या चित्राला तशी स्पष्ट सूट नाही. म्हणजे चौकातल्या पुतळ्याचा फोटो बिनघोर छापावा, मागच्या भिंतीचा छापताना चित्रकाराला विचारावं. विचारायला तो सापडला पाहिजे.

(मेट्रो. असल्फा स्टेशनच्या अलीकडची टेकडी.)

घाटकोपर मेट्रोतून जाताना डोळ्यांत भरणारी ही असल्फ्याची टेकडी. ‘चल रंग दे’ या उपक्रमात २०१७ च्या अखेरीस इथली घरं रंगली, कुठे गुलाबी, कुठे हळदी, कुठे पोपटी. गाडीतून काही सेकंद दिसते, म्हणून आम्ही तीन वेळा फेरी मारली. वर चढून गेलं की वेगळंच. गाडीतून दिसतात ते रंग, आणि पायऱ्यांच्या वळणावर, जिथे मेट्रोचा डोळा पोचत नाही तिथे, चित्रं. खांद्यावर हंडा घेऊन उतरणाऱ्या माणसाला वाट द्यायची तर चित्राला पाठ चिकटवावी लागते. घरं रंगली म्हणून नळाची वेळ बदलत नाही.

(ससून डॉक. बर्फाच्या गाड्या, टोपल्या, ओली फरशी.)

ससून डॉक, १८७५ चं. २०१७ मध्ये इथे कलामहोत्सव भरला आणि गोदीच्या इमारतीवर कोळी समाजातल्या बायकामाणसांचे मोठमोठे कृष्णधवल चेहरे लागले. जेआर या फ्रेंच कलाकाराच्या ‘इनसाइड आउट’ या जगभर चालणाऱ्या उपक्रमाचा तो भाग होता. ते रंगवलेले नव्हते, कागदावर छापून चिकटवलेले. खारा वारा कागदाला फार दिवस राहू देत नाही. चर्चगेट स्टेशनच्या इमारतीवरचे गांधीजी ब्राझीलच्या एदुआर्दो कोब्रांचे. त्यांची नोंद करायला पाच मिनिटं पुरली. अशा चित्रांचं सगळं छापून आलेलं असतं.

वेळ जातो तो बाकीच्यांवर. व्यायामशाळेचा हनुमान, बालवाडीचा हत्ती, गणेश मंडळाच्या खोलीबाहेरचे शिवाजी महाराज, पिठाच्या गिरणीच्या शटरवरचं गव्हाचं शेत. शटरवरचं शेत दिसतं गिरणी बंद झाल्यावर, म्हणून ते बघायला रात्री नऊनंतर जावं लागलं. यांचं कुठे काही छापून येत नाही.

चित्र जाण्याचं दुःख करायचं का, हा प्रश्न आम्ही सोडून दिलाय. पालघरच्या बाजूला वारल्यांच्या घरात लग्नाचा चौक लिहितात. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, आणि चित्र ‘काढतात’ असं न म्हणता ‘लिहितात’ म्हणतात. लग्न झालं, देवी येऊन गेली, की त्या चौकाचं काम संपलं. पुढच्या लग्नाला पुढचा. तिथे पुसलं जाण्यात वावगं काही नाही, कारण लिहिणाऱ्या बायका कोण हे सगळ्या पाड्याला ठाऊक असतं. इथे भिंत पुसली की माणूसही पुसला जातो. गावठाणातली घरं पुनर्विकासाला निघाली आहेत, त्यात भिंती जातात, भाडेकरूही जातात.

(पुन्हा वांद्रे. बाजाराकडे जाणारा बोळ. ताडपत्री घातलेली स्कूटर.)

आज या एका चित्रासाठी आलो. जाळं फेकणारा कोळी, मागे होडी. पोस्टरचा डिंक त्याच्या पोटावर अजून आहे. काम जुन्या बोर्डवाल्याचं, हे दंडावरच्या सावलीत कळतं. तोच हिरवा फटकारा. चार वेळा येऊन गेलो, चारही वेळा ही स्कूटर इथेच. ती चालत नाही म्हणे. शेवटी समोरच्या शिंप्याच्या दुकानातल्या काकांना विचारलं. ते उठले, म्हणाले, “एकट्याने नाही हलायची, मागून धरा.”

(स्कूटर सरकते. खालचा कोपरा. ओल्या फडक्याने पुसणारा हात.)

वर्षांची धूळ, पानाची पिंक, सायकलच्या हँडलने पडलेले ओरखडे. आणि त्याखाली पिवळ्या रंगात, डौलदार उतरत्या अक्षरांत: ‘पेंटर’. पुढचं नाव भिंतीतल्या खाराने खाल्लं. खालच्या ओळीत ‘मो.’ आणि आकडे. सात वाचता येतात. शेवटचे तीन प्लास्टरबरोबर खाली आलेत, भिंतीच्या पायथ्याशी त्यांची माती.

काकांना नाव आठवत नाही. पोराच्या लग्नाआधी काढलं होतं म्हणतात. बांबूच्या शिडीवर एकटाच होता, पाच-सहा दिवस, दुपारी इथेच दुकानात जेवायला बसायचा. डावरा होता.

वहीत ओळ उघडली. खांबाचा नंबर, दिशा पश्चिम, स्थिती बरी, खालचा भाग खराब. ‘कोणी काढलं’ या रकान्यात सात आकडे, तीन टिंबं, आणि पुढे कंसात: डावरा.

काका म्हणाले, स्कूटर परत होती तिथेच लावा, तिच्यामुळे पावसाचं पाणी भिंतीवर उडत नाही.

लावली.