आधी मळमळ, मग वजन
(इंदूर येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, मुलीचं वजन वाढत नाही म्हटल्यावर घरात पहिल्यांदा काय होतं? ताट मोठं होतं. दोनाच्या तीन पोळ्या, वर तुपाची धार, आणि "संपव बघू". तिला मळमळत असतं, तरी ती गिळते. थोड्याच दिवसांत वरणभाताचा नुसता वासही तिला सहन होत नाही. मळमळत असताना खाल्लेल्या पदार्थाशी मेंदू त्या मळमळीची गाठ मारतो, आणि ती लवकर सुटत नाही. म्हणून बरं वाटत नसताना आवडीचा पदार्थ तरी पुढे करू नका.

रिकाम्या पोटी मळमळ वाढते. उठल्याउठल्या चहा नको. अंथरुणातच मूठभर लाह्या किंवा एक कोरडा टोस्ट, दहा-पंधरा मिनिटं बसणं, मग उठणं. पुढे दर अडीच-तीन तासांनी वाटीभर खाणं, भुकेवर नाही, घड्याळावर. पाणी दोन खाण्यांच्या मधे. जेवताना घोटभरच, नाहीतर पोट पाण्यानंच भरतं.

गरम पदार्थाचा वास जास्त सुटतो. फोडणी पडते तेव्हा ज्याला मळमळतं त्याला गच्चीत पाठवा आणि अन्न निवलं की वाढा. आपले पोहेच घ्या. वाफेवरचे पोहे तसे हलके. त्रास देते ती वरची मूठभर सेव आणि बाजूची जिलेबी. (हे इंदुरात बोलायला धाडस लागतं!) तळलेलं पोटातून सावकाश पुढे सरकतं. सेव काढा, शेंगदाणे वाढवा, लिंबू पिळा.

आता वजन. रोज ३०० ते ५०० कॅलरी जादा गेल्या तर आठवड्याला साधारण पाव ते अर्धा किलो वाढ धरा. २०० मिली सायीचं दूध, एक केळं, २० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, चमचाभर दूध पावडर: मिक्सरमधून काढलं की ४०० च्या वर कॅलरी होतात. गार करून, झाकणाच्या पेल्यातून, नळीनं प्यावं; वास नाकाशी येत नाही. अर्धं आत्ता, अर्धं तासाभरानं. दुधानं पोट फुगत असेल तर दही वापरा. तुपाचा छोटा चमचा, म्हणजे ५ ग्रॅम, सुमारे ४५ कॅलरी देतो. असे चमचे दिवसभरात वाटून घ्या, एकदम चार ओतले की पोट जड. खाल्ल्यावर पाऊण तास आडवं होऊ नये.

लोहाच्या गोळ्या, मधुमेहावरचं मेटफॉर्मिन, काही अँटिबायोटिक्स यांनीही मळमळतं. गोळी परस्पर बंद करू नका, वेळ बदलता येईल का ते डॉक्टरांना विचारा. भूक वाढवणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं. त्यानं गाल फुगतात, पण दंड तसेच राहतात.

सहा महिन्यांत आपोआप ५ टक्के वजन उतरलं, म्हणजे ५० किलोतलं अडीच किलो, किंवा घास अडकतो, उलटीत रक्त येतं, डोळे पिवळे दिसतात, तर आधी तपासणी. आणि ज्यानं पाच-सहा दिवस जवळजवळ काहीच खाल्लेलं नाही, त्याला घरी भरपेट खाऊ घालू नका. अचानक अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्याचं खाणं डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासत, थोडं थोडं वाढवावं लागतं.